चौसष्ट घरांतले गणित

बुद्धिबळ शिकल्याने मुलांचे गणित सुधारते का? पटावर गणित भरपूर आहे. पण ते वहीत उतरवण्यासाठी कोणीतरी बोट धरावे लागते.

वार्षिक परीक्षा संपण्याची चाहूल लागली, की शहरातील सोसायट्यांच्या सूचना फलकांवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पोहणे, चित्रकला, नाट्य, अबॅकस या नेहमीच्या यादीत बुद्धिबळानेही आता हक्काची जागा मिळवली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये डी. गुकेश अवघ्या अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. आपल्या मुलानेही पटावर बसावे, असे त्यानंतर अनेक घरांत वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

मात्र या वर्गांच्या जाहिरातींत जगज्जेतेपदापेक्षा दुसऱ्याच एका आश्वासनाला महत्त्व असते. ते साधे आहे आणि पालकांच्या नेमके वर्मावर बोट ठेवणारे आहे : बुद्धिबळ शिका, गणितात प्रगती करा. संध्याकाळी गणिताची वही उघडली की ज्या घरात रडारड सुरू होते, त्या घराला हे आश्वासन दिलासा देते. शिकवणीला कंटाळलेले मूल पटावर तासभर आनंदाने बसते आणि तेवढ्यात त्याचे गणितही सुधारते, यापेक्षा अधिक काय हवे?

प्रश्न इतकाच, की हे खरे आहे का? गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभरातील संशोधकांनी या प्रश्नाचा कसून शोध घेतला आहे. त्यातून निघालेले उत्तर जाहिरातीइतके सोपे नाही. तसेच ते निराशाजनकही नाही. पटावर गणित आहे, यात शंका नाही. पण ते आपण होऊन मुलाच्या वहीत उतरत नाही. हा फरक समजून घेण्यासाठी आधी पटावर गणित नेमके कुठे आहे, ते पाहिले पाहिजे.

मोहऱ्यांची किंमत

बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाची अंकगणिताशी पहिली गाठ पडते ती मोहऱ्यांच्या किमतीत. प्यादे १ गुणाचे, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९ गुणांचा. राजाला किंमत नाही, कारण तो गेला की डावच संपतो. या हिशेबाने डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाकडे ३९ गुणांचे सैन्य असते. पहिली-दुसरीतल्या मुलाला ही बेरीज स्वतः करू द्यावी. आठ प्यादी म्हणजे आठ, दोन हत्ती म्हणजे दहा, असे करत ते ३९ पर्यंत पोहोचते, तेव्हा त्याने बेरीज आणि गुणाकार दोन्ही केलेले असतात आणि कोणी ‘उदाहरण सोडव’ असे म्हटलेले नसते.

हाच धागा पुढे नेता येतो. ‘तुझ्याकडे ११ गुण आहेत, त्यात कोणकोणते सैन्य विकत घेता येईल?’ असे विचारले, की मूल वजीर आणि दोन प्यादी घेते, मग हत्ती, घोडा आणि उंट घेते, मग दोन हत्ती आणि एक प्यादे. एका प्रश्नाची अनेक बरोबर उत्तरे असू शकतात, हा अनुभव शाळेच्या वहीत क्वचितच मिळतो.

यापेक्षा महत्त्वाचा धडा मारामारीच्या हिशेबात आहे. समजा, काळ्याचे एक प्यादे आहे आणि त्याला दुसऱ्या एका प्याद्याचा जोर आहे. पांढऱ्याचा घोडा आणि हत्ती असे दोघे त्या प्याद्यावर टपून बसले आहेत. मारणारे दोन आणि राखणारा एक, तेव्हा मारण्यात फायदाच, असे नवख्या मुलाला वाटते. आता हिशेब मांडू. घोड्याने प्यादे मारले : १ गुण मिळाला. काळ्याच्या प्याद्याने घोडा मारला : ३ गुण गेले. हत्तीने ते प्यादे मारले : आणखी १ गुण मिळाला. एक उणे तीन अधिक एक, म्हणजे उणे एक. संख्येने वरचढ असूनही पांढऱ्याचा तोटाच झाला. हत्तीने आधी मारले असते, तर तोटा तीन गुणांचा झाला असता. ऋण संख्या म्हणजे काय, हे ज्याला पुस्तकातून समजत नाही, त्याला या एका मारामारीत ते कळून चुकते. कारण इथे उणे चिन्हाचा अर्थ घोडा गमावणे असा आहे.

थोडे मोठे झाल्यावर याच हिशेबाची मर्यादाही शिकवता येते. हत्ती आणि एक प्यादे मिळून ६ गुण होतात. घोडा आणि उंट मिळूनही ६ च. तरीही डावाच्या मध्यात बहुतेक जाणकार खेळाडू घोडा आणि उंट हातात ठेवणेच पसंत करतात. आकडे हा अंदाज असतो आणि प्रत्यक्ष स्थिती पाहून तो तपासायचा असतो, ही गणिताच्या वापरातील मोठी गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला कळू शकते.

घोड्याने लिहिलेला पाढा

पटावरील प्रत्येक घराला पत्ता असतो. उभ्या रांगांना ‘ए’ पासून ‘एच’ पर्यंतची अक्षरे आणि आडव्या रांगांना १ ते ८ हे आकडे दिलेले असतात. ‘ई-४’ म्हटले, की जगातील कोणताही खेळाडू त्याच घरावर बोट ठेवतो. दोन खुणांनी एक जागा निश्चित करण्याची हीच रीत माध्यमिक शाळेत निर्देशक भूमिती या भारदस्त नावाने भेटते. पटावर खेळलेल्या मुलाला तिचे नाव नवे वाटेल. कल्पना ओळखीची असते.

आता कोरा पट कागदावर काढावा आणि मुलाला सांगावे, की प्रत्येक घरात एक आकडा लिही : त्या घरात घोडा ठेवला, तर तो किती घरांवर उडी मारू शकेल? कोपऱ्यात उत्तर २ येते, पटाच्या मध्यभागी ८. मूल चिकाटीने एकेक घर मोजू लागते. दहा-बारा घरे झाली, की त्याच्या लक्षात येते की तेच ते आकडे पुन्हा येत आहेत. डावीकडे जे, तेच उजवीकडे. वर जे, तेच खाली. म्हणजे पट मधोमध उभा आणि मग आडवा दुमडला, तर ६४ ऐवजी १६ च घरे मोजावी लागतील. तिरपा आणखी एकदा दुमडला, तर केवळ १०. कष्ट वाचवण्यासाठी आकृतीतील सारखेपणा शोधणे यालाच गणितात सममिती म्हणतात.

काम पूर्ण झाल्यावर चार घरांत २, आठ घरांत ३, वीस घरांत ४, सोळा घरांत ६ आणि उरलेल्या सोळा घरांत ८ हे आकडे दिसतात. साऱ्यांची बेरीज ३३६. तिला ६४ ने भागले, की सरासरी सव्वापाच येते. ‘घोडा कडेला ठेवू नये’ हे प्रशिक्षक वारंवार का सांगतात, याचे कारण या तक्त्यात डोळ्यांना दिसते. नियम पाठ करणे आणि त्यामागचे कारण मोजून काढणे यांतले अंतर मुलाला इथे समजते.

घोड्याची आणखी एक गंमत आहे. तो प्रत्येक उडीत घराचा रंग बदलतो. काळ्या घरातला घोडा पांढऱ्यावर जातो, पांढऱ्यातला काळ्यावर. एवढ्या एका निरीक्षणावर मुलांना सिद्धता म्हणजे काय ते शिकवता येते. प्रश्न असा : ‘ए-१’ या कोपऱ्यातून निघालेला घोडा पटावरील प्रत्येक घराला एकदाच भेट देऊन समोरच्या ‘एच-८’ या कोपऱ्यात प्रवास संपवू शकेल का? मुले पेन्सिल घेऊन प्रयत्न करत राहतात. वाट सापडत नाही. पण सापडत नाही म्हणजे ती नाहीच, असे म्हणता येईल का? इथे रंग मदतीला येतो. ६४ घरे पुरी करण्यास ६३ उड्या लागतात. ६३ ही विषम संख्या. विषम उड्यांनंतर घोडा सुरुवातीच्या विरुद्ध रंगावर असला पाहिजे. पण ‘ए-१’ आणि ‘एच-८’ दोन्ही घरे काळी आहेत. म्हणून असा प्रवास अशक्य आहे. हजार वर्षे प्रयत्न केला तरी अशक्य आहे. एकही वाट न तपासता सर्व वाटा बंद असल्याचे सिद्ध झाले. पाचवी-सहावीच्या मुलाला समजेल अशी याहून सुंदर सिद्धता शोधून सापडणार नाही.

घोड्याच्या या प्रवासाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. काश्मीरमधील रुद्रटाच्या ‘काव्यालंकार’ या नवव्या शतकातील ग्रंथात घोड्याच्या चालीवर बेतलेला चित्रबंध आढळतो. अक्षरे घरांत मांडायची आणि घोड्याच्या उड्यांनी वाचायची, अशी त्याची रचना. युरोपात लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७५९ मध्ये याच कोड्याचा पद्धतशीर अभ्यास केला. एकाच पटाकडे कवी आणि गणिती दोघेही आकृष्ट झाले.

राजाची भूमिती

फूटपट्टीने मोजले, तर पटाचा कर्ण बाजूपेक्षा लांब भरतो. राजाच्या पावलांनी मोजले, तर मात्र तो तेवढाच असतो. ‘ए-१’ वरून ‘एच-१’ पर्यंत सरळ जाण्यास राजाला सात चाली लागतात आणि ‘एच-८’ पर्यंत तिरपे जाण्यासही सातच. मोजण्याचे माप बदलले, की अंतराचा अर्थ बदलतो, ही कल्पना ऐकायला अवघड वाटते. पटावर ती दोन मिनिटांत पटते.

तिचा व्यवहारात उपयोगही आहे. डावाच्या शेवटी पटावर मोजकीच मोहरी उरलेली असतात. पांढऱ्याचे एकटे प्यादे ‘ए-४’ वर आहे आणि वजीर होण्यासाठी ते ‘ए-८’ कडे निघाले आहे. काळ्याचा राजा ‘एफ-४’ वर आहे. तो प्याद्याला गाठेल का? एकेक चाल मनात खेळून पाहता येते. पण खेळाडू तसे करत नाहीत. ते प्याद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत पाच घरे बाजूचा एक चौरस मनात आखतात : ‘ए-४’, ‘ए-८’, ‘ई-८’ आणि ‘ई-४’. चाल काळ्याची असेल, तर राजा ‘ई-५’ वर येऊन चौरसात शिरतो आणि प्यादे गाठतो. चाल पांढऱ्याची असेल, तर प्यादे एक घर पुढे सरकते, चौरस आक्रसतो आणि राजा बाहेरच राहतो. चार चालींचा हिशेब एका आकृतीने चुकता होतो. लांबलचक गणना टाळण्यासाठी आकृती काढावी, ही सवय पुढे भूमितीतच नव्हे, तर शाब्दिक उदाहरणांतही कामी येते.

दाण्यांची गोष्ट

पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशा दुपटीने ६४ घरे भरण्याची कथा बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने ती नोंदवून ठेवली आहे. एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. हा आकडा ऐकून मुले चकित होतात आणि गोष्ट तिथेच संपते. खरे तर तिथून ती सुरू व्हायला हवी. प्रत्येक घरातील दाणे हे त्याआधीच्या सर्व घरांतील दाण्यांच्या बेरजेपेक्षा एकने जास्त असतात, हे मुलांना शोधू द्यावे. चौथ्या घरात ८. आधीच्या तीन घरांत एक, दोन आणि चार मिळून ७. पहिल्या पूर्ण रांगेत २५५ आणि पुढच्या एकट्या घरात २५६. दुपटीची ही चाल समजली, की चक्रवाढ व्याजही समजते आणि साथीचे रोग सुरुवातीला किरकोळ वाटून अचानक हाताबाहेर का जातात, तेही समजते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी खेळाडूंचे गुणांकन हेही चांगले साधन आहे. मूळचे हंगेरीचे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद इलो यांनी मांडलेली ही पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल, तर वरचढ खेळाडूकडून डावामागे सरासरी ०.७६ गुणांची अपेक्षा धरली जाते. कमकुवत खेळाडूकडून ०.२४ ची. अठरा वर्षांखालील आणि २३०० पेक्षा कमी गुणांकन असलेल्या खेळाडूसाठी गुणक ४० असतो. म्हणजे कमकुवत मुलाने बाजी मारली, तर त्याला ४० गुणिले ०.७६ म्हणजे ३०.४ गुण मिळतात. तो हरला, तर ९.६ गुण जातात. स्पर्धा खेळणारी मुले हा हिशेब स्वतःहून करतात. दशांश अपूर्णांक आणि संभाव्यता यांचे इतके आवडीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

संशोधन काय सांगते?

पटावर इतके गणित असताना खेळणाऱ्या प्रत्येक मुलाचे गणित सुधारायला हवे. याच समजुतीने अनेक देशांनी बुद्धिबळ शाळेत आणले. आर्मेनियाने २०११ पासून ते प्राथमिक शाळेत सक्तीचे केले. आपल्याकडे गुजरातमध्ये डिसेंबर २०१० मध्ये अहमदाबाद येथे २०,४८० खेळाडूंनी एकाच वेळी डाव मांडून विक्रम केला. बुद्धिबळ खेळणारी मुले अभ्यासातही पुढे असतात, असा दाखला अशा वेळी दिला जातो.

मात्र यात एक मेख आहे. गडकिल्ले चढणारी माणसे निरोगी दिसतात, हे खरे. पण मुळात निरोगी माणसेच गड चढायला निघतात, हेही तितकेच खरे. बुद्धिबळाच्या वर्गाला जाणाऱ्या मुलांना आधीपासूनच आकड्यांची आवड असण्याचा आणि त्यांच्या घरी अभ्यासाकडे लक्ष दिले जाण्याचा संभव अधिक. म्हणून खेळाचा परिणाम तपासायचा, तर मुलांनी किंवा पालकांनी निवड करण्याऐवजी ती चिठ्ठ्या टाकून व्हायला हवी.

इंग्लंडमध्ये तसा मोठा प्रयोग झाला. शंभर प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळांतील नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्षभरात ३० तास बुद्धिबळ शिकवण्यात आले. उरलेल्या शाळांत नेहमीचे कामकाज चालू राहिले. शिकवणे संपल्यानंतर एक वर्षाने सर्वांच्या गणिताच्या गुणांची तुलना झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता : दोन्ही गटांत काहीही फरक नव्हता.

त्याच वर्षी लिव्हरपूल विद्यापीठातील जोव्हान्नी साला आणि फर्नांड गोबे या संशोधकांनी तोवरच्या २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. गोबे स्वतः बुद्धिबळातील इंटरनॅशनल मास्टर. म्हणजे खेळाविषयी त्यांच्या मनात आकस असण्याचे कारण नाही. आढाव्यात गणितावर मध्यम स्वरूपाचा चांगला परिणाम दिसला आणि २५ ते ३० तासांहून अधिक शिकवल्यास तो वाढतो, असेही आढळले. पण बहुतेक अभ्यासांतील त्रुटीवरही त्यांनी बोट ठेवले. बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांची तुलना काहीच नवीन न करणाऱ्या मुलांशी केली होती. नव्या उपक्रमाचा उत्साह, नवे शिक्षक, मिळणारे कौतुक यांचाही परिणाम होतोच. तो वेगळा काढण्यासाठी या दोघांनी पुढे इटलीतील शाळांत काही मुलांना बुद्धिबळ आणि काहींना चेकर्स किंवा गो हे पटावरील दुसरे खेळ शिकवले. २०१७ मध्ये आलेल्या या प्रयोगांत गणिती उदाहरणे सोडवण्यात बुद्धिबळ शिकलेली मुले इतर खेळ शिकलेल्यांच्या पुढे गेली नाहीत.

मग विषय संपला का? नाही. डेन्मार्कमधील आर्हुस शहरात पहिली ते तिसरीच्या वर्गांत निराळी रीत वापरण्यात आली. तिथे बुद्धिबळ हा शाळेनंतरचा छंद नव्हता. आठवड्याच्या गणिताच्या चार तासांपैकी एक तास बुद्धिबळावर आधारलेल्या गणिताला देण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांच्या गणितात लहान, पण मोजता येण्याजोगी सुधारणा दिसली. ज्या मुलांना शाळेत कंटाळा येत होता, त्यांच्यात ती अधिक होती.

बांगलादेशच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी एक बाजू पुढे आणली. सुमारे वर्षानंतर पाहिले असता बुद्धिबळ शिकलेल्या मुलांत जोखमीची धास्ती कमी झालेली आढळली. गणितातील सुधारणेचा पुरावा त्यामानाने कच्चा होता.

पूल आपोआप बांधला जात नाही

या परस्परविरोधी वाटणाऱ्या निष्कर्षांची संगती लावणे अवघड नाही. एका विषयातील कौशल्य दुसऱ्या विषयात सहजासहजी उतरत नाही, हे मानसशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेतील थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच ते दाखवून दिले. दोन कामांत जेवढे समान घटक, तेवढाच एकाचा दुसऱ्याला उपयोग, असे त्यांच्या सिद्धांताचे सार.

खुद्द बुद्धिबळातच याचा उत्तम दाखला आहे. डच मानसशास्त्रज्ञ आणि खेळाडू आड्रियान डी ग्रूट यांनी १९४० च्या दशकात पाहिले, की खऱ्या डावातील स्थिती काही सेकंदच दाखवली, तरी श्रेष्ठ खेळाडू ती जवळपास जशीच्या तशी पुन्हा मांडतात. त्यांची स्मरणशक्ती अफाट असावी, असे कोणालाही वाटेल. पुढे विल्यम चेस आणि नोबेल विजेते हर्बर्ट सायमन यांचा १९७३ मधील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली होती. श्रेष्ठ खेळाडूंची सरशी जवळजवळ नाहीशी झाली. त्यांच्याजवळ होती ती डावांतील ओळखीच्या रचनांची शिदोरी. पटावरची स्मरणशक्ती जर विस्कटलेल्या पटावरही नीट चालत नाही, तर ती अपूर्णांकांच्या उदाहरणात आपोआप चालेल, अशी अपेक्षा धरणे चूक आहे.

इंग्लंडमध्ये बुद्धिबळ शिकवले गेले; डेन्मार्कमध्ये बुद्धिबळातून गणित शिकवले गेले. दोन्ही प्रयोगांत मुलांचे वयही वेगळे होते आणि परीक्षा घेण्याची वेळही. तरीही वर्ग निवडणाऱ्या पालकाने पहिला प्रश्न याच फरकाविषयी विचारायला हवा. मुलाने घोडा वाचवला, म्हणजे त्याने वजाबाकी केली, हे त्याला स्वतःला माहीत नसते. ‘आत्ता तू काय मोजलेस? ते वहीत कसे लिहिशील?’ असे विचारणारे कोणी असेल, तरच पटावरील मारामारी आणि वहीतील उदाहरण यांत पूल बांधला जातो.

शिक्षकांना हे काम करण्यासाठी निष्णात खेळाडू असण्याची गरज नाही. पुठ्ठ्याचा पट आणि प्लास्टिकची मोहरी यांना फारसा खर्च येत नाही. महापालिकेच्या शाळेतही आठवड्यातील एक तास यासाठी काढता येण्याजोगा आहे. लागतो तो योग्य वेळी योग्य प्रश्न विचारण्याचा सराव.

चूक शोधण्याची शिस्त

बुद्धिबळात आणखी एक गोष्ट आहे, जिची थेट बेरीज-वजाबाकीशी गाठ नाही; तरीही ती गणिताच्या फार जवळची आहे. स्पर्धेत प्रत्येक चाल लिहून ठेवावी लागते. डाव संपल्यावर दोघे खेळाडू अनेकदा पुन्हा पट मांडतात आणि कुठे चुकले ते शोधतात. हरलेला मुलगा म्हणतो, ‘इथे उंट हलवायला नको होता.’ जिंकलेली मुलगी म्हणते, ‘त्यावर मी वजिराने शह दिला असता.’ ही चर्चा गणिताच्या वर्गात किती वेळा होते? तिथे चुकलेल्या उदाहरणावर लाल फुली पडते आणि मूल पान उलटते.

गणिताची भीती बऱ्याचदा या फुलीची भीती असते. चूक ही लपवण्याची गोष्ट नसून शोधण्याची गोष्ट आहे, हे पटावर रोज अनुभवणाऱ्या मुलाला वहीतील चुकीकडेही तसेच पाहायला शिकवता येईल. पण पुन्हा अट तीच : ते शिकवावे लागेल.

पालकांनी काय करावे?

- वर्ग निवडताना ‘गणितात किती गुण वाढतील’ असे विचारण्याऐवजी ‘डाव झाल्यावर त्यावर चर्चा होते का’ असे विचारावे. गुणवाढीची हमी देणाऱ्यांपासून सावध राहावे.

- सहा-सात वर्षांच्या मुलांना सर्व मोहरी एकदम देऊ नयेत. दोन्ही बाजूंना फक्त आठ-आठ प्यादी ठेवून जो आधी पलीकडे पोहोचेल तो विजयी, असा डाव खेळावा. मोजणे आणि पुढची चाल ओळखणे त्यातून सहज येते.

- आठ ते दहा वर्षांच्या मुलांकडून घोड्याचा तक्ता करून घ्यावा. पटावर एकूण किती चौरस आहेत, हेही विचारावे. ६४ हे उत्तर अपुरे आहे. लहान-मोठे सर्व चौरस धरले, तर २०४ होतात. ते कसे, हे मुलाला शोधू द्यावे.

- चाल सांगू नये, कारण विचारावे. ‘हे का खेळलास?’ या प्रश्नाला ‘असेच’ हे उत्तर आले, तरी रागावू नये. पुढच्या वेळी कारण येईल.

- मोबाइलवरील झटपट डाव मनोरंजनासाठी ठीक. विचार करण्याची सवय लागावी असे वाटत असेल, तर समोरासमोर, सावकाश आणि चाली लिहून खेळलेला एक डाव अधिक मोलाचा.

- गणितात मूल मागे पडले असेल, तर गणितासाठी वेगळी मदत द्यावीच. बुद्धिबळ हा तिला पर्याय नव्हे.

खेळ तो खेळच

या साऱ्या चर्चेत एक धोका आहे, तो अखेरीस सांगितला पाहिजे. मूल पटाकडे ओढले जाते ते खेळ म्हणून. सहामाहीचे गुण अपेक्षेइतके आले नाहीत म्हणून आई-वडिलांनी वर्ग बंद केला, तर गणित तर सुधारत नाहीच, वर हातातला एक आनंदही जातो. आणि गणित हा विषय आपल्या आनंदाच्या आड येतो, ही समजूत मात्र पक्की होते. संगीत शिकणाऱ्या मुलाला आपण भूगोलाचे गुण विचारत नाही. बुद्धिबळालाही तेवढी मोकळीक द्यायला हरकत नाही.

ती दिली, तर एखाद्या संध्याकाळी वेगळेच घडू शकते. मूल पटावरून मान वर करते आणि म्हणते, ‘घोडा दिला तर तीन जातात, पण पुढे हत्ती मिळतो, म्हणजे दोनचा फायदा.’ त्या क्षणी घाई न करता वही पुढे सरकवावी आणि एवढेच म्हणावे, ‘हे इथे लिहून दाखव बघू.’